भीमेच्या पाणथळीत कयाक आणि पायी निसर्गफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी नाव, चालवणे आणि त्यानंतर काठाने पायी फिरून पाणथळ पाहणे, असा आमचा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. नोंदणी करण्यापूर्वी लोक दूरध्वनीवर जे विचारतात, त्याची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. पोहता न येणाऱ्यांनी, लहान मुलांना आणणाऱ्यांनी आणि मोठी लेन्स घेऊन येणाऱ्यांनी आपापले प्रश्न तरी अवश्य वाचावेत.

ही फेरी नेमकी कोठे होते आणि दिवस कसा जातो?

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. तेथून आत वळल्यावर इंदापूर तालुक्यातील डिकसळ, कुंभारगाव या गावांच्या काठापर्यंत भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी पसरलेले दिसते. आमची गाडी पहाटे चार वाजता स्वारगेटहून निघते आणि हडपसरला थांबून पुढे जाते. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे अंधार असतानाच काठावर पोहोचून, लाइफ जॅकेट चढवून आणि वल्हे मारण्याचा थोडा सराव करून, उजाडताना आपण पाण्यात असतो. सुमारे दीड तास कयाक, मग नाश्ता आणि त्यानंतर अडीच-तीन किलोमीटरची सावकाश पायी फेरी, असा क्रम आहे. हा क्रम उलटा करावा, म्हणजे झोप तरी पूर्ण होईल, अशी सूचना दर हंगामात कोणीतरी करते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण दहानंतर पाण्यावर वारा सुटतो आणि नवशिक्याला वाऱ्याविरुद्ध वल्हवत काठ गाठणे जड जाते.

ही दलदल नैसर्गिक आहे का?

पूर्णपणे नैसर्गिक नाही, आणि हे समजून घेतले तर तेथे दिसणाऱ्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या काठची अनेक गावे, मळे आणि देवळे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर त्यांपैकीच एक असून, पाणी फार खाली गेले की त्याचे शिखर आणि मग हळूहळू सगळे मंदिरच उघडे पडते. ज्यांची शेते बुडाली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील काही जण आज त्याच पाण्यात मासेमारी करतात. आपल्या फेरीत बरोबर असणारे मच्छीमार ‘येथे आमच्या आजोबांची विहीर होती’ असे सांगत होडीतून पाण्याकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या जागी वारकरी पक्ष्यांचा थवा पोहत असतो.

या जलाशयाचा एक विशेष असा की त्याचा मृत साठाच, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचे तळाचे पाणी, ६३ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक आहे. पावसाळ्यानंतर धरण भरते आणि पुढे कालव्यांना व नदीला पाणी सोडले जाते, तसतशी पातळी उतरत जाते. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे वर्तमानपत्रांत येते, त्याचा अर्थ धरण कोरडे पडले असा नसून उपयुक्त साठा संपून पातळी मृत साठ्याच्या रेषेखाली गेली, असा असतो. काठ सपाट असल्यामुळे पाणी थोडे उतरले तरी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या ओल्या गाळात शंख, किडे आणि शेवाळ असते आणि त्यावर पक्षी जगतात. शेतकरीही त्याच जमिनीत पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खात्याने पाणी केव्हा आणि किती सोडले, यावर पक्षी कोठे बसणार आणि आपण कयाक कोठून उतरवणार, हे ठरते. त्यामुळे आमची उतरण्याची जागा हंगामात तीन-चार वेळा बदलते आणि नेमका ठिकाणा आम्ही आदल्या दिवशी कळवतो.

पुण्यातच मुळा-मुठा असताना शंभर किलोमीटर लांब कशाला जायचे?

पुण्यात कयाक म्हटले की अनेकांना अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि तेथील रिगाटा हा नौकांचा सोहळा आठवतो, आणि येरवड्याजवळ नदीकाठी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यही आहे. तरीही नवशिक्यांना, ज्यांच्या अंगावर पाणी उडणारच आहे आणि कदाचित नाकातोंडातही जाणार आहे, शहरातल्या सांडपाणी मिसळलेल्या नदीत उतरवणे आम्हाला पटत नाही. पक्षी पाहण्याची सुरुवात करायची असेल तर सोलापूर रस्त्यावरचे कवडी पाट हे जवळचे आणि चांगले ठिकाण आहे, पण ते काठावरून पाहावे.

मात्र भिगवणला गेलो म्हणजे पुण्याच्या पाण्यापासून सुटलो, असे समजू नये. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड जे नदीत सोडतात, ते वाटेत विरळ होत आणि काही अंशी गाळात बसत शेवटी उजनीतच येते. पाण्याला हिरवट रंग असतो आणि काही कोपऱ्यांत जलपर्णी माजलेली दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. या पाण्याने चूळ भरू नये, अंगावर उघडी जखम असल्यास आम्हाला आधी सांगावे, आणि फेरी संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. त्यासाठीचे स्वच्छ पाणी आम्ही गाडीत नेतो.

कोणत्या महिन्यात यावे? रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नक्की दिसतील का?

आमच्या फेऱ्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असतात. नोव्हेंबरात धरण भरलेले असते आणि पक्षी पांगलेले असतात, पण पाणी काठापर्यंत असल्यामुळे कयाक चालवण्याचा आनंद तेव्हा सर्वांत अधिक मिळतो. जानेवारी-फेब्रुवारीत गाळ उघडा पडतो आणि रोहित उथळ पाण्यात दिसू लागतात. तरीही रोहित दिसतीलच, अशी हमी आम्ही देत नाही. पाऊस लांबला किंवा पाणी उशिरा सोडले गेले, तर ते दुसऱ्या उथळ जागी थांबतात आणि आपल्या नोंदणीची वाट पाहत नाहीत.

केवळ रोहितांसाठी येणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी बाकीच्यांकडेही पाहावे. तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब रात्री हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरतात आणि सकाळी पाण्याच्या कडेला, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मिरवत, झोप काढत असतात. मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते आणि तिच्या साहाय्याने तो शंखातला जीव सफाईने बाहेर काढतो. चमचा पक्षी पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत पुढे चालतो, तेव्हा कोणीतरी विळ्याने गवत कापत असल्यासारखे वाटते. चित्रबलाक तर या तालुक्याचे घरचेच आहेत, कारण ते इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर घरटी करत आले आहेत. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, राखी आणि जांभळा बगळा यांपैकी बरेचसे एका सकाळी दिसतात. पक्ष्यांची नावे आधी पाठ असण्याची गरज नाही.

पोहता येत नसेल तर येता येईल का?

येता येईल. लाइफ जॅकेट सर्वांना सक्तीचे आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, आणि ते उतरण्यापासून परत काठावर पाय ठेवेपर्यंत बांधलेले असले पाहिजे. जॅकेट खांद्यांवरून वर ओढून पाहिले असता ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते सैल आहे असे समजावे. ही तपासणी आमचा माणूस प्रत्येकाची करतो, त्यात कोणी संकोच करू नये. आपल्या मार्गात बहुतेक ठिकाणी पाणी कमरेइतके असते, पण ‘कमरेइतकेच तर आहे’ या समजुतीने कोणीही मधेच उतरू नये. पूर्वी वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि गाळात पाय रुतला की पोहता येणारा माणूसही गोंधळतो.

फिट येण्याचा त्रास, अलीकडे झालेली हृदयाची किंवा पाठीची शस्त्रक्रिया, निखळलेला खांदा, यांची माहिती नोंदणीच्या वेळी द्यावी. अशा व्यक्तींसाठी मच्छीमारांची रुंद होडी असते आणि तीतून पक्षी तितकेच चांगले दिसतात. गर्भवती महिलांनाही आम्ही होडीचाच आग्रह करतो.

यापूर्वी कधी कयाक चालवलेली नाही. जमेल का?

आमच्याकडील कयाक दोघांच्या, वर बसायच्या आणि तळ रुंद असलेल्या आहेत, त्यामुळे त्या सहजासहजी उलटत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक जण एकच चूक करतो, ती म्हणजे हातांच्या जोरावर वल्हे ओढण्याची. त्याने अर्ध्या तासात खांदे भरून येतात. वल्हे दोन्ही कोपरांच्या अंतराइतके रुंद धरावे, पाते पायांच्या जवळ पाण्यात घालावे आणि कमरेपासून वरचे अंग वळवून ते मागे न्यावे, म्हणजे जोर पाठीचा लागतो. पुढे बसलेल्याने लय धरायची आणि मागे बसलेल्याने त्या लयीत दिशा सांभाळायची. नवरा-बायकोंनी शक्यतो एका कयाकमध्ये बसू नये, असे आम्ही हसत सुचवतो. वळायचे कोणीकडे, यावरून झालेल्या चर्चा सकाळच्या शांत पाण्यावर फार लांबपर्यंत ऐकू जातात.

मासेमारीची जाळी हा येथला खरा अडथळा आहे. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या, तर त्याखाली जाळे आहे असे समजावे आणि ओळीच्या टोकाकडून वळसा घालावा. वल्हे अडकलेच तर ओढाताण न करता थांबावे आणि हात वर करावा. जाळे तोडले तर एका कुटुंबाचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडते.

कयाक उलटली तर काय करायचे?

कयाक सोडायची नाही. ती तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचे डोके मात्र लाटांत दिसत नाही. तिला धरून राहावे, शिट्टी वाजवावी आणि होडी येईपर्यंत काठाकडे पोहत जाण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक तुकडीत जास्तीत जास्त पाच कयाक असतात आणि त्यांच्यासोबत इंजिनाची एक होडी सतत असते. आमच्याकडे आजवर जे पाण्यात पडले, ते बहुतेक सर्व छायाचित्र काढण्यासाठी उभे राहिल्यामुळे पडले. गेल्या हंगामातील एक गृहस्थ पडल्यावर एक हात वर धरूनच बाहेर आले, आणि त्या हातातला फोन मात्र कोरडा होता.

वारा किंवा पाऊस असल्यास फेरी रद्द होते का?

होते, आणि त्याबाबत आम्ही कोणाशी वाद घालत नाही. उजनीचे पाणी लांबरुंद पसरलेले असल्याने वाऱ्याला अडवणारे काही नाही आणि लाटा पाहता पाहता उठतात. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वळवाचे दिवस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्चअखेर, आम्ही कयाक बंद करतो, त्याचे हेच कारण आहे. हंगामातही लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसू लागला की सर्वांना काठावर बोलावले जाते. दाट धुके असले तर ते विरळ होईपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर चहा मिळतो.

कयाक रद्द झाली तर पायी फेरी होते आणि कयाकची रक्कम परत दिली जाते. निघण्यापूर्वीच सगळा कार्यक्रम रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळते. आपण स्वतः न येण्याचे ठरवल्यास तीन दिवस आधी कळवावे.

पायी फेरीत काय असते? चिखल किती असतो?

असतो, आणि पायी फेरीचा निम्मा अभ्यास चिखलाचाच आहे. उघड्या पडलेल्या गाळावर उन्हाने पापुद्रा धरतो, त्याला भेगा पडतात आणि पांढुरक्या खपल्यांच्या कडा वर वळतात. जमीन अगदी पक्की वाटते, पण चार पावले पाण्याकडे गेले की त्याच पापुद्र्याखाली लोण्यासारखा काळा गाळ असतो आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो. म्हणून पुढे चालणाऱ्या वाटाड्याच्या पावलावरच पाऊल टाकावे. पाय रुतल्यास तो सरळ वर उपसू नये. टाच थोडी फिरवून गाळात हवा जाऊ द्यावी आणि मग पाय हळूच काढावा. चप्पल आत राहिली तर तिचा नाद सोडावा लागतो.

याच गाळावर पहाटेचे ठसे वाचता येतात. शेकाट्याची तीन बोटे, बगळ्याचा लांब मागचा अंगठा, मुंगसाची धाव, आणि या सगळ्यांवरून गेलेली म्हशींची खुरे. शंखांच्या रिकाम्या कवचांचा ढीग दिसला, तर जवळपास मुग्धबलाक जेवून गेला आहे असे धरावे. काठाला पाणकणसाची दाटी असते. तिच्यापाशी दोन मिनिटे न बोलता उभे राहिले की आतून पाणकोंबड्यांचा कलकलाट ऐकू येतो आणि कधी दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पंख वर धरून अगदी खालून तरंगत जातो, तेव्हा तोच कलकलाट एकदम थांबतो.

काठावरची वेडी बाभूळ हा त्रासदायक भाग आहे. तिचा काटा साध्या चपलेच्या तळातून थेट पायात जातो. रबरी स्लिपर घालून आलेल्यांना आम्ही पायी फेरीत घेत नाही.

पक्ष्यांच्या किती जवळ जाता येते? छायाचित्रांसाठी थोडे जवळ नेता का?

नेत नाही. कयाक आवाज करत नाही, त्यामुळे ती पक्ष्यांना त्रास देत नाही, हा मोठा गैरसमज आहे. आमचा अनुभव असा की रोज दिसणाऱ्या मच्छीमाराच्या होडीला पक्षी सरावलेले असतात, पण भडक रंगाची, हलणाऱ्या वल्ह्यांची अनोळखी वस्तू समोर आली की ते लवकर बिचकतात. रोहित खात असताना त्यांच्या माना खाली आणि चोची उलट्या पाण्यात असतात. त्यांपैकी काहींनी माना वर केल्या की वल्हे थांबवायचे. सगळ्यांनी माना वर करून एकाच दिशेने चालायला सुरुवात केली, तर आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत, आणि तेव्हा मागे सरायचे. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते, आणि दिवसातून पाच वेळा असे उठवले गेले तर त्याचा खाण्याचा वेळ त्यातच जातो. ‘उडतानाचा फोटो हवा, जरा हाकला’ अशी विनंती एकदा आमच्या नावाड्याला करण्यात आली होती. त्याने होडी वळवून काठाला लावली आणि त्या पाहुण्यांना उतरवले; आम्हीही त्याचीच बाजू घेतली.

हंगामाच्या शेवटी उघड्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि छोटी आर्ली अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूतला जेमतेम खळगा असतो आणि अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार असतात, त्यामुळे ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून फेब्रुवारीनंतर बेटांवर कोणालाही उतरू दिले जात नाही. वन्य पक्ष्यांची घरटी वा अंडी यांना हानी पोहोचवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाही आहे. ड्रोन आणू नये.

काय घालावे आणि काय आणावे?

मातकट किंवा हिरवट रंगाचे, लवकर वाळणारे कपडे घालावेत. जीन्स भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पायांत मागे पट्टा असलेले जाड तळाचे सँडल किंवा जुने बूट असावेत. पहाटे पाण्यावर चांगलीच थंडी वाजते आणि नऊनंतर ऊन चढते, म्हणून काढता येईल असा स्वेटर व टोपी दोन्ही हवीत. कपड्यांचा एक पूर्ण जोड, टॉवेल, पाण्याची बाटली आणि रोजची औषधे आणावीत. चष्म्याला दोरी बांधावी. दुर्बीण आम्ही दोघांत एक देतो.

साप, डास वगैरेंची भीती आहे का?

पाण्यात दिसणारा साप बहुधा विरोळा असतो. तो बिनविषारी आहे, मात्र डिवचल्यास चावतो. काठाच्या गवतात घोणस असू शकते आणि ती विषारी आहे, म्हणून वाट सोडून गवतात शिरू नये आणि दगड उचलून पाहू नयेत. डास पहाटे आणि संध्याकाळी असतात. मलम लावून यावे.

लहान मुलांना आणि ज्येष्ठांना आणता येईल का?

कयाकसाठी किमान वय १२ वर्षे आहे आणि १८ वर्षांखालील मुलांसोबत मागच्या जागेवर प्रौढ व्यक्ती बसते. त्याहून लहान मुले पालकांसह होडीत बसू शकतात. आजी-आजोबांना वयाची अट नाही, पण होडीत चढताना एक पाय उचलून काठावरून आत टाकावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

जेवणाची आणि स्वच्छतागृहाची सोय काय आहे?

नाश्त्याला पोहे किंवा उप्पीट आणि चहा असतो, दुपारी गावातील एका घरी पिठले-भाकरी, ठेचा आणि भात. भिगवणची मच्छी प्रसिद्ध आहे, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगितल्यास त्याच घरी ताटात चिलापी किंवा दुसरा मिळेल तो मासा वाढला जातो. स्वच्छतागृह जेवणाच्या घरी आहे, काठावर नाही. महामार्गावर पाटसजवळ गाडी थांबते, तेथे सर्वांनी जाऊन यावे. महिलांना कपडे बदलण्यासाठी त्याच घरात स्वतंत्र खोली मिळते.

स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने येता येईल का?

गाडीने येता येईल, मात्र सहापूर्वी भिगवणच्या फाट्यावर पोहोचावे लागेल. काठाकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत आणि उसाच्या हंगामात समोरून ट्रॉल्या येतात. भिगवण हे पुणे-दौंड-सोलापूर मार्गावरील स्थानक आहे, पण रेल्वेने येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे. स्वतःची कयाक आणायची असेल तर आधी कळवावे, आणि ती दुसऱ्या जलाशयात वापरलेली असल्यास धुऊन, पूर्ण वाळवून आणावी. जलपर्णीचा एक तुकडा तळाला चिकटून आला, तरी तो नव्या पाण्यात वाढायला पुरतो.